मुकामानाची थोरली

न्हावऱ्यात साधनाला सगळे ‘यम्मे करणारी सून’ म्हणतात. माहेर राहू गावचं. लग्न ठरतानाच तिनं पुढं एम.ए. शिकायचं बोलून घेतलं होतं. सासरे रखमाजीआबा तेव्हा म्हणाले होते, “आमच्या पिढ्या मेंढरांमागं फिरल्या. हिला फिरू द्या पुस्तकांमागं.”

पण विषय ऐकून सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, कपाळाला हात लावला. नरसंहाराचा इतिहास. “दिवेलागणीला घरात मढ्यांच्या गोष्टी कशाला गं? देवाधर्माचं काय शिकवत न्हाईत व्हय पुण्यात?” असं रोज म्हणायच्या आणि रोज तिच्या पिशवीत भाकरीचं फडकं ठेवायच्या.

साधना हसण्यावारी न्यायची. या खेपेला मात्र तिच्या मॅडमनी प्रबंधाचं प्रकरण परत दिलं होतं. वर शेरा होता, ‘यात माणसं दिसत नाहीत.’ सोमवारी नवं लिहून आणायचं, नाहीतर विषय बदलायचा अर्ज भरून द्यायचा. रविवारी सकाळी ती ओट्यावर बसली ती अर्ज भरायलाच.

शेजारी आबा सुपारी कातरत होते. “काय लिवलं हुतंस, वाच बरं.”

तिनं वाचलं. आफ्रिकेतला रवांडा देश. एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. शंभर दिवसांत, शेजाऱ्यांच्या हातून, सुमारे आठ लाख.

“आठ लाख काय? कांद्याच्या पिशव्या हायेत व्हय?”

“आबा, पुस्तकात तोच आकडा आहे.”

“आसंल. मी चाळीस वर्सं मेंढरं राखली, कवा मोजली न्हाईत. मोजली की दिठ लागती. सांजच्याला जाळीच्या वाड्यात घेताना तोंडं बघायची. टिकली आली, भुरी आली, लंगडीचं कोकरू कुठं हाय? मोजणाऱ्याला कळतं, येक कमी हाय. कोण कमी हाय, ते वळखणाऱ्यालाच कळतं.”

साधनानं पेनाला टोपण लावलं. पिशवीतून त्या संहारातून वाचलेल्यांच्या साक्षींचं पुस्तक काढलं. त्यात मुकामाना नावाची बाई होती. नवरा गेला, तीन लेकी गेल्या. ती एकटी ज्वारीच्या रानात लपून राहिली.

“तिकडं बी ज्वारी पिकती?” आतून सगुणाबाई. हात पिठाचेच, पण त्या उंबऱ्यात येऊन बसल्या. “लेकींची नावं काय?”

“धाकटी उवासे. मधली इंगाबिरे.”

“आन् थोरली?”

साधनानं पान उलटून पाहिलं. “नाही दिलेलं. थोरलीचं सांगता सांगता बाई थांबली, एवढंच लिहिलंय.”

सगुणाबाई पदराला हात पुसत बसून राहिल्या.

साधनानं अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पहिली ओळ लिहिली, मुकामानाच्या थोरलीपासून. दुपारचं जेवणही तिनं तिथंच केलं.

सोमवारी पहाटे ती निघाली, तेव्हा सगुणाबाई देवापुढं वात सारत होत्या. भाकरीचं फडकं हातात देत म्हणाल्या, “तिघींची नावं घेतली देवापुढं. थोरलीला मी थोरलीच म्हणलं. देवाला कळतंय. तेवढं मधलीचं नाव पुन्हा सांगून जा, उद्या चुकायला नको.”