शालूची मागची बाजू

काशीत एका विणकराच्या घरी बसून, त्यानं दिलेला चहा पीत, मी त्याच्या कामाला कचरा म्हटलं. मला कापडातलं काहीच कळत नसतं तर ही चूक झाली नसती. थोडंसं कळत होतं, म्हणून झाली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर घाटांचं आणि देवळांचं वर्णन करता करता मी ते सोयीनं मागे ढकलीन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

त्या वर्षी आमच्या बँकेत संगणक येणार होते. ते शिकायला आम्हा पंचेचाळिशीच्या कारकुनांना पाच दिवस बनारसला पाठवलं. नाशिकहून निघताना घरच्यांनी यादी दिली होती: गंगेचा गडू, शेजाऱ्यांच्या नातवाला लाकडी खेळणी, आईला काळभैरवाचे गंडे (मनगटाला बांधायचे काळे दोरे). यादीत नसलेली एक वस्तू मी मनात ठेवली होती. बायकोसाठी बनारसी शालू. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण सुनंदाला मी स्वतः निवडून एकही साडी आणली नव्हती. तिचं माहेर येवल्याचं, वडील पैठणीचे व्यापारी. त्या घरात साडीबद्दल तोंड उघडायची माझी कधी छातीच झाली नाही.

धुक्यामुळे गाडी सात तास उशिरा पोचली. मैदागिनपर्यंत सायकलरिक्षा मिळाली, पुढे पायीच. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तेव्हा मी बॅगेसकट एका अनोळखी घराच्या उंबऱ्यावर चढलो. आतून आवाज आला, ‘‘आइए, बैठिए, वो अभी निकल जाएगी.’’ त्यांना याची सवय असावी.

मी उतरलो होतो मंगला गौरीच्या देवळाजवळ, काकूंकडे. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या मावसभावाची बायको. त्यांच्या सासरचं घराणं चार पिढ्या काशीत आहे. काका शिकवण्या करत, ते गेले. मुलगा रेल्वेत, तो अलाहाबादला. सत्तरीच्या काकू एकट्याच राहतात आणि सगळा मोहल्ला त्यांच्याकडे राहतो.

‘‘आलास? सबेरपासून वाट बघतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हातपाय धू. टाकीचं पाणी नको घेऊ, एकदम बरफ आहे.’’

पुढचे तीन दिवस चांगले गेले. सकाळी कचौडी आणि जिलबी, नंतर मलइयो (थंडीत मिळणारा दुधाचा केशरी फेस; चमच्यात दिसतो आणि तोंडात नाहीसा होतो). दिवसभर संगणकासमोर बसून एका बोटानं टंकलेखन. संध्याकाळी घाट. एकदा नावेतून निघालो तेव्हा नावाड्यानं अहिल्याबाई घाटापाशी वल्हं थांबवलं आणि म्हणाला, ‘‘ये तो आप ही लोगों का है.’’ मला उगाचच मालकी वाटली. गडू घेतला, गंडे घेतले. खेळण्यातला पोपट हातात घेऊन बघताना त्याची चोच मोडली, तोही घेतला.

चौथ्या दिवशी काकूंना शालूचं सांगितलं. त्या हसल्या.

‘‘येवल्याच्या मुलीसाठी साडी, आणि निवडणार तू? मंगला गौरी तुझं भलं करो. चल, मुश्ताकभाईंकडे जाऊ. माझा लग्नातला शालू त्यांच्या वडिलांनी विणलाय. बाजारात हडबड करशील आणि फसशील.’’

पीलीकोठीच्या गल्ल्यांत शिरलो की खटखट ऐकू येते. घराघरांतून माग चाललेले. मुश्ताकभाईंच्या घरी जमिनीत खड्डा करून माग बसवला होता आणि ते खड्ड्यात पाय सोडून विणत होते. काकूंना पाहताच उठले. ‘‘अरे, पंडिताइन! महीना हो गया आपको.’’ आतल्या दाराला पडदा होता. पडद्यामागून त्यांच्या पत्नीनं काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि चहा पाठवला. खोलीत आणखी एक गृहस्थ बसले होते, चौकातल्या गद्दीचे (घाऊक व्यापाऱ्याच्या बैठकीचे) सेठ. मुश्ताकभाई वर्षानुवर्षं मुख्यतः त्यांच्यासाठीच विणत, बाकीचं घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. त्या दिवशी सेठ तयार झालेल्या पाच साड्या न्यायला आले होते.

मुश्ताकभाईंनी माझ्यासमोर एक शालू उलगडला. डाळिंबी रंग, सोनेरी बुट्टे. सुनंदा त्यात कशी दिसेल हे मला लगेच दिसलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सासरेबुवांच्या दुकानात एक गोष्ट मी शंभरदा पाहिली होती. पैठणी पारखताना ते पदर उलटा करत आणि गिऱ्हाईकाला म्हणत, ‘‘बघा, पुढून जशी तशीच मागून. हीच अस्सलची खूण.’’ मी तसाच रुबाबात शालू उलटा केला.

मागच्या बाजूला प्रत्येक बुट्ट्याच्या कडेनं कापलेल्या धाग्यांची टोकं होती. शेकडो, बारीक कुसासारखी.

‘‘ये क्या है?’’ मी म्हणालो. ‘‘आगे से जरी, पीछे से कचरा? ये तो खराब माल है.’’

मुश्ताकभाई शांतपणे म्हणाले, ‘‘बाबूजी, ये ऐसे ही बनता है.’’

‘‘मुझे मत सिखाइए. हमारे यहाँ तो साड़ियों का ही गाँव है.’’ मग मी काकूंकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, ‘‘चला काकू. हे लोक असेच.’’

ते वाक्य मराठीत बोलून लपलं नाही. कारण मुश्ताकभाईंकडे जन्मभर घरी येणारं गिऱ्हाईक म्हणजे काशीतली मराठी घरं. त्यांना मराठी कळतं. त्यांनी मान खाली घालून शालूची घडी घातली. सेठनं मात्र संधी साधली. हातातल्या पाच साड्या त्यांनी खाली ठेवल्या. ‘‘देखा मुश्ताक? गाहक खुद बोल रहा है. मैं तो कब से कहता हूँ, कटाई में सफाई नहीं रही. ये रहने दो अभी.’’ आणि ते उठून गेले.

येताना काकू रिक्षात तोंड फिरवून बसल्या. मी चौकातल्या एका दुकानातून दुसरी साडी घेतली, मागूनही गुळगुळीत. काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. जेवताना मला वाढलं, स्वतः बसल्या नाहीत.

सकाळी उठलो तर समोर पेटी उघडी होती आणि काकूंच्या मांडीवर त्यांचा लग्नातला शालू.

‘‘उलटा कर,’’ त्या म्हणाल्या.

मी उलटा केला. तीच टोकं. तसेच कुसासारखे धागे.

‘‘बुट्ट्याचा धागा मागून या काठापासून त्या काठापर्यंत जातो. मग दोन बुट्ट्यांमधला धागा कात्रीनं कापतात, एकेक करून. ते काम घरातल्या बायका करतात. कात्री जरा इकडे गेली की साडी खलास. हा बावन्न वर्षांचा आहे. कुठे भोक दिसतंय?’’

मी शालू उजेडाकडे धरून पाहिला, एकही भोक नव्हतं.

‘‘तू कचरा म्हणालास ना, ते मुश्ताकभाईंचं काम नव्हतं. ते भाभींचं. त्या पडद्यामागेच होत्या.’’

प्रशिक्षणाचा शेवटचा अर्धा दिवस मी बुडवला. एकटाच पीलीकोठीला गेलो, दोनदा गल्ली चुकलो. दारात उभा राहून मुश्ताकभाईंना म्हणालो, ‘‘कल मैंने गलत बोला. माफ कीजिए.’’ त्यांनी आत बोलावलं, ‘‘बैठिए, हो जाता है’’ म्हणाले. मला हायसं वाटलं. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि भाभी बाहेर आल्या. बारीक चणीच्या, चष्म्याला दोरी बांधलेली. उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा.

‘‘माफी हमसे काहे माँगते हैं, बाबूजी? घर में कही होती तो घर में धुल जाती. आपने तो सेठ के सामने कही.’’

‘‘छोड़ो भी,’’ मुश्ताकभाई म्हणाले, ‘‘मेहमान हैं.’’

‘‘मेहमान हैं, इसीलिए बोल रही हूँ. सेठ होते तो चाय भी न पिलाती.’’ आणि खरोखरच त्यांनी चहा ओतला.

चहा संपेपर्यंत मी स्वतःशी भांडत होतो. गाडी तीनची होती. सेठ मला ओळखत नव्हते. त्यांच्याकडे न जाता सरळ स्टेशन गाठलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. मी डाळिंबी शालू बांधून घेतला, गद्दीचा पत्ता विचारला आणि निघालो.

घरी पोचल्यावर सुनंदानं दोन्ही साड्या उलट्या केल्या. गुळगुळीत साडी तिनं बाजूला सारली, ‘‘यंत्रावरची आहे’’ म्हणाली. डाळिंबी शालूच्या मागच्या टोकांवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. ‘‘किती सारखं कापलंय,’’ ती म्हणाली, ‘‘कुणी कापलंय हे?’’ मी तिला भाभींचं सांगितलं. महिन्याभरानं काकूंचं पत्र आलं, त्यात एक ओळ होती: सेठनं त्या पाचही साड्या नेल्या आणि वर आणखी काम दिलं. वाचून मला बरं वाटलं. परक्या गावात आपण नुसत्या वस्तू आणायला जातो असं मी समजत होतो. आपण तिथे काहीतरी टाकूनही येतो, आणि ते वेळीच उचलता येतं, हे मला या प्रवासात कळलं.

गद्दीवर त्या दिवशी काय झालं ते सुनंदालाही मी अजून सांगितलेलं नाही. पांढऱ्या चादरीवर सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती. सेठ कुणाला तरी साडी दाखवत होते. चपला काढून मी चादरीच्या कडेला उभा राहिलो. मी बोलायला लागलो, तर माझी तोडकीमोडकी हिंदी ऐकून कुणीतरी हसलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं.

‘‘सेठजी, कल मुश्ताकभाई के घर में मैंने उनके काम को कचरा कहा. आप वहाँ थे, इसलिए यहाँ आया. मुझे कपड़े की पहचान नहीं है. गलती मेरी थी. काटने का काम उनकी घरवाली ने किया है, और बिल्कुल ठीक किया है. मैंने उन लोगों को बुरा कहा, उसकी मैं सबके सामने माफी माँगता हूँ.’’