पाकिटांचे फोटो

धामणगाव बढ्यात माझ्या बियाण्याच्या दुकानाशेजारच्या माझ्याच गाळ्यात एक भाई ऑनलाइन कामांचं दुकान चालवत. सातबारा काढायला आलेल्या शेतकऱ्याकडून ते बियाण्याचं रिकामं पाकीट मागून घेत आणि पुरावा म्हणून त्याचा फोटो क्लाउडवर ठेवत. "कागदाले उंदीर खाते. याले कोण खाईल?" म्हणत.

मी विकलेलं कपाशीचं बीटी बियाणं बोगस निघालं. चौकशीत मी हात वर केले, बियाणं माझ्या दुकानातलं नाहीच म्हणालो. पण फोटोंतल्या पाकिटांवर माझ्या दुकानाचा शिक्का होता. मी भाईंना ते पुसायला सांगितलं. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच पुसा, शेठ. माह्या हातानं नाही होत."

मी पुसले. पुरावा गेला, शेतकऱ्यांची भरपाई बुडाली.

"चहा घेता काय?" भाईंनी नेहमीसारखंच विचारलं. मी घेतला.

पाकिटं माझ्याच दुकानातली होती.