दुर्बीणकाकांचं बोट

डेपोत त्यांना सगळे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि त्याच नावाला शेपूट लागून इमारतीत ते दुर्बीणकाका झाले होते. खरी दुर्बीण त्यांच्याकडे कधीच नव्हती. सव्वीस वर्षं शहरातली बस चालवली. शेवटच्या थांब्यावर पाच मिनिटं मिळाली की बाकीचे ड्रायव्हर चहाला पळत आणि हे बसला पाठ टेकून वर बघत उभे राहत. लुकलुकतो तो तारा, लुकलुकत नाही तो ग्रह, आणि न लुकलुकता चालायला लागतो तो माणसांनी वर पाठवलेला, एवढ्याशा भांडवलावर त्यांनी अर्ध्या डेपोला आकाश शिकवलं. कंडक्टर म्हणायचा, “दुर्बीण, वर कमी बघ, समोर जास्त.” तेव्हा ती चेष्टा होती.

अंतराळ स्थानक दिसायचं असेल त्या संध्याकाळी काका गच्चीवर. काकू मोबाइलमध्ये बघून वेळ आणि दिशा सांगायच्या, काका बोट उचलायचे, आणि त्या बोटामागे खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या माना वळायच्या. “आपल्याकडे स्थानकावर गाडी येते,” काका दरवेळी तोच विनोद करायचे, “तिथं स्थानकच धावतं, आणि तेही वेळेवर!” दरवेळी सगळे हसायचेही.

पण गेल्या वर्षभरात काकांचं आकाश रिकामं होत चाललं होतं. आधी शनी गेला. मग मंगळ. मावळतीचा शुक्र तेवढा ठसठशीत उरला, तोही मान नेमकी त्याच्याकडे वळवली तर. अंधारून आलं की समोरचं तेवढं दिसे, कडेचं सगळं कुणीतरी पडदा ओढल्यासारखं बंद. चालतं स्थानक त्या फटीत सापडायचं कसं? पण काकांना आकाश पाठ होतं. काकू पश्चिमेकडून म्हणाल्या की पाण्याच्या टाकीवरून निघणार, गुरूच्या खालून जाणार, पलीकडच्या टॉवरमागे बुडणार. वेळ कळली की घड्याळाच्या अंदाजानं बोट फिरवायचं. खोटं बोल पण रेटून बोल, आणि काकांनी सहा महिने रेटलं.

बसचा रस्ताही पाठच होता. प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण. फक्त आकाश पाठ करता येतं ते तिथं ऐनवेळी कुणी आडवं येत नाही म्हणून. आठ दिवसांपूर्वी दिवसपाळीची शेवटची फेरी रखडली, दिवे लागले, आणि थांब्याजवळ कंडक्टर किंचाळला, “अरे, डावीकडे!” काकांनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. डावीकडे एक बाई सायकलसकट फुटपाथला टेकली होती. कुठे खरचटलंही नव्हतं. तिनं काकांना चार सणसणीत शिव्या घातल्या आणि ती निघून गेली. कंडक्टरनं नुसती घंटी वाजवली. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाराची कडी लावली की नाही ते तीनदा बघायचे, पेपर उचलायचे, ठेवायचे, बसल्या जागी पायानं ब्रेक दाबायचे. महिन्यापूर्वीच डोळ्यांची तपासणी झाली होती. समोरचा तक्ता त्यांनी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला होता. कडेचं कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि आता पाळीची नवी यादी लागली होती: सोमवारपासून संध्याकाळ.

शनिवारी काकू म्हणाल्या, “आज सात वाजून नऊ मिनिटांनी. पश्चिमेकडून.” गच्चीवर दोघंच होते. वहिनींना आज बोलावलं नाहीस का, असं काकांनी विचारलं, तर काकू मोबाइलमध्येच बघत राहिल्या.

सात नऊला काकांनी बोट उचललं. “आलं बघ! टाकीच्या वर.”

“हं.”

“आज जरा मंद आहे. हवेत धूळ दिसतेय. आता गुरूच्या खालून... चाललं बघ कसं झोकात!”

“अहो,” काकू म्हणाल्या, “ते उद्या आहे.”

काकांचं बोट तसंच वर राहिलं.

“आज काहीच नाही आकाशात. मी मुद्दाम सांगितलं.”

“मला फसवलंस?” काका एवढ्यानं ओरडले की वाळत घातलेल्या कपड्यांवरचे पक्षी उडाले. “सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची परीक्षा घेतेस?”

“संसार एकोणतीस वर्षांचा आहे. सव्वीस वर्षं बसची.” काकू हटल्या नाहीत. “परवा ते मध्येच विझलं. पृथ्वीच्या सावलीत गेलं की विझतं, तुम्हीच शिकवलंय. आम्ही सगळे गप्प झालो, आणि तुमचं बोट मात्र चाललंच होतं, पार टॉवरपर्यंत. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला रात्रभर झोप नाही. सोमवारी पन्नास माणसं बसणार आहेत तुमच्या मागे.”

काका गच्चीला दोन फेऱ्या मारून आले. कठड्याशी थांबले. मग सायकलवाल्या बाईचं त्यांनी सगळं सांगितलं, शिव्यांसकट. सांगताना त्यांना रडू आलं आणि त्याचाही राग आला.

रविवारी सकाळी ते स्वतः डेपोत गेले. मॅनेजरनं तक्त्याचा कागद काढून दाखवला, “अहो, तुम्ही तर पास आहात!” काका म्हणाले, “समोरचं पास आहे, साहेब. कडेचं नापास.” मॅनेजरनं कागदाच्या कडेला पेननं काहीतरी लिहिलं. कागद वर पाठवतो म्हणाला, दुसरं काम मिळेलच असं नाही म्हणाला. काकांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी येताना आपल्याच मार्गाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून आले. सबंध रस्ताभर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

संध्याकाळी गच्चीवर जायला त्यांनी साफ नकार दिला. काकूंनी चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

वर वहिनी, वॉचमन, सगळे होते. वहिनींनी सरकून काकांना जागा करून दिली. वेळ झाली तशी काकूंनी काकांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट टाकीकडे नेलं.

“निघालं,” त्या म्हणाल्या.

“खरंच?”

“मी काय तुमच्यासारखी थापाडी आहे?”

बोट हळूहळू वर चढलं. गुरूच्या खालून गेलं. ते चालतं टिंब काकांच्या फटीत काही सापडत नव्हतं, पण हातानं वेग ओळखला, बरोबर तोच वेग. टॉवर अजून लांब होता, तेवढ्यात काकूंची पकड घट्ट झाली. बोट सवयीनं पुढे सरकू पाहत होतं.

“इथं थांबा,” काकू म्हणाल्या.

काका थांबले.