डावीकडचा आवाज

बेलापूरच्या एलिया सरांना देवानं गळा दिला होता, हे गावात कुणी नाकारत नव्हतं. पण केवढा दिला होता ते सर स्वतःच सांगत, आणि सांगताना हात जरा सैल सोडत. चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा भजनांची सीडी निघाली. तिच्यातल्या शेवटच्या भजनात एक उंच सूर असा काही लागलाय, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी डावीकडच्या माइकवर एलिया सर होते, उजवीकडच्या माइकवर त्यांचा लहानपणचा दोस्त नॅथन. दोघं एका दमात चढले होते. "तो सूर आपला बरं का," हे सर पाहुण्याला चहाच्या आधी सांगत. बारा वर्षं सांगत होते बिचारे.

घरात पाच स्पीकर आणि एक धडधडणारा डबा, असं होम थिएटर होतं. त्यात कोण कुठून गातंय काही कळायचं नाही. सगळ्यांची मिळून खिचडी! तरी रविवारची उपासना सुटली की भजनी मंडळ सरांच्याच घरी जमायचं.

मग नॅथन नगरच्या एमआयडीसीतून रिटायर होऊन गावी आला. त्यानं एक अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि स्पीकर दोनच. बघता बघता मंडळ तिकडं सरकलं. सरांची बायको एस्तेरबाई, तीसुद्धा तिकडं जाऊन आली आणि वर म्हणते, "अहो, गानारा डोळ्यापुढं बसल्यावानी वाटतं! तबला हिकडं, पेटी तिकडं."

झालं! सरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानं थांबणारं नव्हतं. घास गोड लागेना. नॅथनच्या दारातल्या चपला मोजायला ते उगाच त्या गल्लीनं जात. त्यात नॅथन सगळं वाजवी, पण ती सीडी तेवढी लावत नसे. "जळतोय लेकाचा," सर बायकोला म्हणाले. कोण जळतंय ते एस्तेरबाईला चांगलं दिसत होतं. तिनं भाकरी थापणं चालू ठेवलं.

शेवटी सरांनी होम थिएटर भाच्याला देऊन टाकलं आणि नगरहून नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. स्पीकर दोनच, पण नॅथनच्यापेक्षा चार बोटं उंच. दुकानदारानं सांगितलं होतं तसं टेपनं अंतर मोजून त्यांनी खुर्ची बरोबर मधे ठेवली. शनिवारी दुपारी बायको बाजाराला गेल्यावर सीडी लावली.

शेवटचं भजन आलं. सूर चढला, अंगावर काटा आला, आणि सरांची मान आपोआप उजवीकडं वळली. सूर तिकडून येत होता. डावीकडं कुणीतरी तोच सूर घ्यायला गेलं होतं आणि अर्ध्या वाटेत फाटलं होतं. सरांनी परत लावलं. चारदा लावलं. स्पीकरला कान लावून ऐकलं. फाटलेला आवाज त्यांचाच होता हो!

नॅथनला हे बारा वर्षं ठाऊक असणार, आणि त्यानं कधी तोंडातून शब्द काढला नाही. उपकार वाटायचे सोडून सरांना त्याचाच राग आला. शाळेतसुद्धा हा असाच, पहिला येऊन गप्प बसायचा! सर उठले, अ‍ॅम्प्लिफायर पुढं ओढला आणि त्याच्या पाठीमागं जोडलेल्या दोन्ही स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल केली. आता सूर डावीकडून येऊ लागला.

रविवारी सगळं मंडळ बोलावलं. नॅथनही आला. "लई भारी आनलंस, एलिया," तो मनापासून म्हणाला. भजन लागलं. डावीकडून सूर चढला तसे सगळे "वा! वा, सर!" करून उठले. सरांची छाती फुगली.

तेवढ्यात मंडळातली सगळ्यात म्हातारी मरियामावशी बोलली. डोळे गेले होते, पण कान शाबूत. "समदं खरं रं बाबा, पन उजवीकडं कोन रेकतंय?"

खोली हसली. उजवीकडं कोण उभं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. नॅथन मात्र हसला नाही. त्यानं एकदा स्पीकरांकडं पाहिलं, एकदा सरांकडं. सर हातातल्या रिमोटची बटणं उगाच निरखू लागले.

"मीच की, मावशी," नॅथन म्हणाला. "घसा धरला हुता माझा त्या दिशी."

"मंग गप बसायचं!"

आता नॅथनही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

वायरी उलट्या जोडल्यात, एवढंच बोलायचं होतं. ते सरांच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. स्वतःचा सूर एवढा हसत हसत देऊन टाकता येतो या माणसाला! आयुष्यात इतका हेवा त्यांना कधी वाटला नव्हता.

"सर, तो तुमचा सूर परत लावा की," कुणीतरी म्हणालं.

सरांनी नॅथनकडं न बघता परत लावला.