पालखी पुढे गेली तो शिमगा
सकाळपासून वाडीत गुलालाचा वास आहे आणि मला तो शिमगा आठवतोय. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीनं शेजारच्यांना वाळीत टाकलं होतं. तरी शेजारीणबाई ओटीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या अंगणापाशी ढोल एकदम बंद झाले आणि घरोघरी थांबणारी देवीची पालखी मुकाट्यानं पुढे निघाली. “हे चूक आहे!” मी ओरडलो. गावकीचे प्रमुख, गावकर, शांतपणे वळले. “गुरुजी, ज्याचं त्याला बरोबर, दुसऱ्याला चूक म्हणणारे आपण कोण, असं तुम्हीच सांगत असता ना?” ढोल पुन्हा वाजू लागले, पालखी माझ्या अंगणात आली आणि मी तिला खांदा दिला. शेजारच्या घराला आता कुलूप आहे. गावकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही; ढोल जवळ येतायत आणि आमचं ओटीचं ताट तयार आहे.