पट्टीमागची लाख

बाहत्तरच्या दुष्काळात आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. माझी माय त्या कामावर माती खोदायला जायची. मी तेव्हा दुसरीत होते. एका दुपारी तिची कुदळ तांब्याच्या हंड्यावर बसली. हंड्याचं तोंड कापडानं बांधलेलं होतं आणि ते कापड हिरवं पडलं होतं. शेजारच्या बायका गोळा झाल्या. मायनं हंडा उघडला, आतलं सोनं पाहिलं आणि मुकादमाला हाक मारली. त्यात मोठेपणा काही नव्हता. आपण घाबरलो होतो, असं ती स्वतःच सांगायची.

तहसीलदार दुसऱ्या दिवशी येणार होते. तोवर हंडा ठेवायचा कुठं, हा प्रश्न आला. गावात लोखंडी तिजोरी एकच, सहकारी सोसायटीची, आणि तिची किल्ली चेअरमनच्या कमरेला. त्या वर्षी गावात त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, मिलो, त्याच्या हातानं वाटली जायची आणि कामाच्या हजेरीवर कुणाचं नाव राहील तेही तोच ठरवायचा. हंडा त्याच्या तिजोरीत गेला.

सकाळी पंचनामा झाला. पोकळ मणी निघाले, बांगड्या निघाल्या, एक तुटका कंबरपट्टा निघाला. माय पुढं होऊन म्हणाली, "ती लाल खड्यांची पट्टी कुठं हाय? मोराची?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता, असं पुढं कितीतरी जणांनी तिला सांगितलं. चेअरमन शांतपणे तहसीलदारांना म्हणाला, "एक डाग कमी हाय हे हिलाच कसं ठाऊक, साहेब? हिनंच हात मारला असंल."

हंडा उघडताना ज्या बायकांनी पट्टी पाहिली होती त्या म्हणाल्या, आमी लांब होतो, आमाला काय दिसलं न्हाई. चेअरमन वाटायचा ती सुकडी, दुष्काळी कामावरचं कोरडं खाणं, त्यांच्याही घरी लागत होती. मायला दिवसभर चावडीपुढं उन्हात बसवलं. आमच्या घरातली गाडगी उपडी केली, चूल उकरली. काही मिळालं नाही, तरी तिचं नाव हजेरीवरून कापलं. बाप ऊसतोडीला गेलता. तो परत आला आणि त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "खरंच घेतलं न्हाईस ना?" त्यानंतर माय त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

मी सोळा वर्षांची असताना दसऱ्याला चेअरमनच्या घरी शस्त्रपूजा पाहायला गेले. पाटावर तलवार मांडली होती. पणजोबांना निजामाकडून मिळालेली, असं सगळ्यांना सांगत होते. मुठीवर सोन्याची पट्टी, लाल खडे, मधोमध मोर. मी घरी येऊन मायला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती.

"मोराला डोळे किती?" तिनं विचारलं.

"एकच दिसला. दुसरीकडं नुसतं भोक होतं."

मायनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "ध्यानात ठिव."

मी ध्यानात ठेवलं. बीडला वसतिगृहात राहून रसायनशास्त्र शिकले आणि शहरातल्या एका वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत लागले. सूड घ्यायला म्हणून गेले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आमच्या हंड्यातलं सोनं सरकारनं त्याच संग्रहालयात जमा केलं आहे, हे अर्ज भरताना मला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी भांडारात जाऊन तो हंडा पाहून आले.

मधल्या काळात मला काही महिने इंग्लंडला शिकायला पाठवलं. तिथं अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं माझ्यापुढं आलं. तलवारीच्या मुठींवरचे दागिने, लाल खडे बसवलेले. तिथली माणसं सोन्यापेक्षा त्याला चिकटलेल्या घाणीकडं जास्त बघत. खड्यांखालचं मेण, शिंगाचा कण, धाग्याचा तुकडा. मला शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की सोनं वितळवून पुन्हा पुन्हा वापरतात, त्याचं वय धड सांगता येत नाही. मेण, लाख, कापूस हे कधीतरी जिवंत असलेल्या गोष्टींतून आलेलं असतं, त्यामुळं ते केव्हाचं आहे हे तपासता येतं. आणि तांब्याचा अंश उतरलेला धागा मातीतही कुजत नाही, कारण तांबं किड्याबुरशीला जगू देत नाही. मला लगेच हंड्याच्या तोंडावरचं हिरवं कापड आठवलं. त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

परतल्यावर काही वर्षांनी ती तलवार माझ्या टेबलावर आली. चेअरमन म्हातारा झाला होता आणि सोसायटी त्याच्या मुलाकडं होती. मुलानं वडिलांच्या नावानं तलवार संग्रहालयाला भेट देऊ केली होती. काचेची वेगळी पेटी आणि तिच्यावर वडिलांचं नाव, एवढी त्याची अट. भेट स्वीकारण्याआधी वस्तूची तपासणी होते, ती माझ्याकडं होती.

मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पट्टी मुठीवर बाजारातल्या नव्या डिंकानं चिकटवली होती. त्या डिंकाखाली जुनी लाख होती, आणि लाखेत रुतलेले हिरवे धागे. मोराला एकच डोळा होता. मला आनंद झाला. इतका की मी खुर्ची मागं सरकवून नुसती बसून राहिले.

मग मी आमच्या प्रमुख बाईंकडं गेले आणि चावडीपासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही यातून बाहेर पडा."

"हे काम माझं आहे."

"म्हणूनच. तुमच्या हातचा अहवाल त्यांचा वकील दोन मिनिटांत फाडेल. तुम्हाला त्यांना पाडायचंय ना? मग हात लावू नका."

मला त्यांचा राग आला, पण मी किल्ल्या त्यांच्यापुढं ठेवल्या. पट्टीचे आणि हंड्यातल्या सोन्याचे नमुने फक्त क्रमांक घालून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. कुठला नमुना कशाचा, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. निकाल यायला काही महिने लागले. त्या महिन्यांत मी चांगली वागले नाही. घरच्यांवर ओरडायचे, सहकाऱ्यांना रोज टपाल आलं का विचारायचे, आणि बसमध्ये उभी असताना त्या म्हाताऱ्याला चावडीपुढं उन्हात बसलेला मनात बघायचे.

निकाल आला. पोकळ मण्यांत भरलेली लाख आणि पट्टीमागची लाख एकाच तऱ्हेनं केलेली होती. दोन्हींत मेण आणि विटेची बारीक पूड जवळपास सारख्याच प्रमाणात होती. पट्टीवरचे धागे आणि हंड्याच्या तोंडावरचं कापड, दोन्ही कापूस, पीळ एक, विणही एक. दोन्हींचं वय निजामाच्या कितीतरी शतकं आधीचं निघालं. यातली एखादीच गोष्ट जुळली असती तर योगायोग म्हणता आला असता. सगळ्या जुळल्या होत्या.

मी मायला सांगायला गावी गेले. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मला त्याच्यापुढं कवा नेतीस?"

हंडा काढणारी बाई म्हणून तिचा जबाब घ्यायचाच होता, त्यामुळं तिला बोलावता आलं. प्रमुख बाईंच्या खोलीत महसूल खात्याचे अधिकारी होते, म्हातारा होता, त्याचा मुलगा होता. बाईंनी अहवाल वाचला. मुलगा म्हणाला, "ही तलवार आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे." अधिकारी म्हणाले, तलवार असेल, पट्टी नाही.

माय उठली आणि म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "चेअरमनसाहेब, मला वळखलं का?"

त्यानं बराच वेळ पाहिलं. "न्हाई, बाई. लई माणसं यायची."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि मला ते चोरीपेक्षा वाईट वाटलं.

"पट्टी कुठं हाय म्हून म्या इचारलं, तर तुमी मला चोर केलं."

"दुष्काळ होता तवा. कुणी काय केलं, कुणाला आठवतंय आता?"

"मला आठवतंय," माय म्हणाली. मग अधिकाऱ्यांकडं वळून तिनं सांगितलं, "साहेब, यांचा जबाब माझ्यासमोर लिवा. सही होईस्तोर म्या हालत न्हाई."

जबाब लिहिला गेला. पट्टी हंड्यातून काढल्याचं त्यानं मान खाली घालून कबूल केलं. सही करताना त्यानं पाणी मागितलं. तांब्या माझ्या हाताशी होता. मी हलले नाही. मुलगा उठून टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं पाणी दिलं.

पट्टी हंड्याबरोबर मांडली गेली. खालच्या पाटीवर हंडा काढणाऱ्या मजूर बाईचं, म्हणजे मायचं, पूर्ण नाव आहे. तलवार पट्टीशिवाय परत गेली. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि पुढच्या निवडणुकीत मुलानं सोसायटीचा अर्जच भरला नाही. लांब होतो म्हणणाऱ्या बायकांपैकी एक अजून होती. ती मायकडं येऊन रडली. मायनं तिला चहा दिला. बाप तोवर वारला होता. त्याला हे कळलं नाही याचा राग मला अजून आहे.

मुलाचं मला एक पत्र आलं. वडील थकलेले होते, तो प्रसंग तुम्हाला टाळता आला असता, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. उत्तर दिलं नाही.

त्या जबाबावरून म्हाताऱ्यावर चोरीचा गुन्हा दाखल झाला होता, पण खटला उभा राहण्याआधीच तो गेला. मी मायला फोनवर सांगितलं. 

"लवकर सुटला," ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं.