त्यानं सोडलेली जागा

खरं सांगायचं तर त्या बारमध्ये मी गाणं ऐकायला जात नव्हतो. तो कुठे चुकतो ते ऐकायला जात होतो.

तो म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र आणि बार म्हणजे जळगावात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेला आठ टेबलांचा परमिट रूम. मालक केळीवाल्या घरातला. पुण्यात शिकताना त्याला जाझ आणि ब्लूजचं वेड लागलं. परत आल्यावर त्यानं कोपऱ्यातला कूलर हलवून तिथे तीन खुर्च्या मांडल्या आणि दर शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ वादन सुरू केलं. सॅक्सोफोन, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. लोक आधी हसले, मग शेंगदाण्याची बशी पुढ्यात घेऊन मुकाट ऐकायला लागले.

सॅक्सोफोन माझा मित्र वाजवतो. आम्ही दोघं पाचोऱ्याच्या एकाच बँडमध्ये लग्नं वाजवत मोठे झालो. दोघांच्याही हातात क्लॅरिनेट. मास्तर म्हणायचे, माझा सूर त्याच्यापेक्षा साफ आहे. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. पुढे तो पुण्याला हॉटेलांत वाजवायला गेला, तिथे सॅक्सोफोन शिकला आणि आता परत आलाय; मी जळगावला राहायला आलो तरी त्याच बँडमध्ये राहिलो.

पहिल्या शनिवारी त्याला ऐकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. एखादी म्हातारी ओट्यावर बसून स्वतःशीच कुरकुर करते, तसा तो वाजवत होता. सूर मुद्दाम जरा खाली ठेवायचा, मग सावकाश वर आणायचा. आमच्या मास्तरांनी असल्या सुरासाठी भर वरातीतून हाकललं असतं. इथे मात्र लोकांनी डोळे मिटले होते. मलाही ते आवडत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

तो दर वेळी म्हणायचा, "भो, तुन्हं क्लॅरिनेट लई ये ना." चौथ्या शनिवारी मी नेलं. साफ सूर कशाला म्हणतात ते एकदा सगळ्यांना ऐकवायचंच होतं.

सुरू करण्याआधी त्यानं मला समजावलं. ब्लूजमध्ये एकानं ओळ वाजवायची, मग थांबायचं आणि त्या मोकळ्या जागेत दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. मी मान डोलावली. त्यानं ओळ वाजवली आणि थांबला. मी तीच ओळ वाजवली, हुबेहूब, त्याच्यापेक्षा साफ. टाळ्या पडल्या. त्यानं दुसरी वाजवली, मी तीही जशीच्या तशी परत केली. बँडमध्ये आमचं कामच ते. मास्तरांनी ओळ काढायची, बाकीच्यांनी ती उचलायची. आपलं काही घातलं की नवरदेवासमोर शिव्या.

तो वाकून माझ्या कानाशी हसत म्हणाला, "आरे, मन्हंच माले काय परत दी ऱ्हायना? तुन्हं काय शे ते वाजाड ना."

आणि त्यानं पुन्हा जागा सोडली.

मी क्लॅरिनेट ओठाला लावलं. बोटं जागेवर होती, छातीत दम होता. सांगायला काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत शेकडो गाणी वाजवली, त्यातली एकही ओळ माझी नव्हती. ऑक्टोपॅड चालू राहिला. लोकांना वाटलं, गाणंच असं असेल. त्यानं आणखी एकदा थांबून पाहिलं, माझ्याकडे बघत, अगदी मायेनं. त्याच्या वाजवण्याचा हेवा मी कसाबसा गिळला असता. त्याचं ते थांबणं मला सोसवलं नाही. मी क्लॅरिनेट पेटीत घातलं आणि टेबलावर येऊन बसलो.

त्यानंतरही मी जातो, रिकाम्या हातानं. तो मात्र ते गाणं आलं की हमखास थांबतो आणि माझ्या टेबलाकडे बघतो. मी शेंगदाणे सोलतो. घरी खोली बंद करून मी प्रयत्न करतो, हे त्याला सांगितलेलं नाही. दोन-चार सूर जमतातही, पण ते त्याचेच निघतात.

गेल्या शनिवारी तो थांबला, तेव्हा कीबोर्डवाल्यानं ती जागा भरली. सहज, जाता जाता, काहीतरी स्वतःचं. मित्राचा चेहरा उजळला आणि तो वळून त्याच्याकडे बघत पुढची ओळ वाजवायला लागला. माझ्या टेबलाकडे त्यानं नंतर पाहिलं नाही.